केशरोपणानंतरची केसगळती व पुनर्वाढ : एका वैद्यकीय संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

केशरोपणाच्या शस्त्रक्रियेत डोक्याच्या मागील व बाजूच्या भागातील केस मुळासकट काढून टक्कल पडलेल्या भागात बसविले जातात. शस्त्रक्रियेनंतर साधारणतः दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात या बसविलेल्या केसांपैकी बहुतेक केस गळून पडतात. त्यानंतर काही आठवडे डोके जवळजवळ पूर्वीसारखेच दिसते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे, प्रारंभी बारीक केस उगवू लागतात. सहा ते नऊ महिन्यांत फरक दिसू लागतो आणि अंतिम परिणामासाठी वर्षभर, क्वचित दीड वर्षही थांबावे लागते. आजच्या वैद्यकशास्त्राला या क्रमात वावगे काही वाटत नाही. ज्याने ही शस्त्रक्रिया करवून घेतली आहे त्याच्या दृष्टीने मात्र या घटनेचा पहिला अर्थ ‘केलेले सारे वाया गेले’ असाच असतो.

प्रस्तुत शोधनिबंधात या गळतीच्या अर्थाचा इतिहास पाहण्याचा प्रयत्न केला आहे. रोपण केलेला केस गळणे ही एकच घटना. परंतु वेगवेगळ्या काळात तिचे वाचन वेगवेगळे झाले. एकोणिसाव्या शतकात ती अपयशाची खूण होती, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती एक अवस्था ठरली आणि आज ती रुग्णाला द्यावयाच्या आश्वासनाचा भाग झाली आहे. हा बदल केवळ शस्त्रांच्या सुधारणेमुळे घडला नाही. ‘आपण नेमके काय रोवतो आहोत, केस की मूळ?’ या प्रश्नाचे उत्तर बदलल्यामुळे तो घडला, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे. निबंधाचा दृष्टिकोन इतिहासाचा आहे. वैद्यकीय सल्ला देण्याचा यात हेतू नाही.

पुणे, बर्लिन आणि वुर्ट्‌सबुर्ग

शरीराचा एक भाग काढून दुसरीकडे बसविण्याच्या आधुनिक शल्यशास्त्राच्या इतिहासात पुण्याचे नाव मानाने घेतले जाते. इंग्रज सैन्यासाठी बैलगाडी हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या, विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळावरील त्वचेचा तुकडा खाली वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१६ मध्ये आपले शस्त्रक्रियांचे अनुभव प्रसिद्ध केले आणि १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला.

या पद्धतीत एक अडचण शल्यचिकित्सकांच्या अनुभवास येत असे. कपाळावरील तुकडा केसांच्या रेषेला लागून घेतला गेल्यास नव्या नाकावरही केस उगवत. त्वचा नव्या जागी गेली तरी आपला मूळचा स्वभाव सोडत नाही, हे त्यातून सूचित होत होते. परंतु त्याकडे एक उपद्रव म्हणूनच पाहिले गेले. त्यातून सिद्धान्त निर्माण झाला नाही. तो होण्यास आणखी दीड शतक जावे लागले.

योहान फ्रीडरिख डीफेनबाख हे याच परंपरेतील पुढचे मोठे नाव. १८२२ मध्ये वुर्ट्‌सबुर्ग येथे सादर केलेला त्यांचा प्रबंध शरीरातील पुनर्निर्मिती व रोपण याच विषयावर होता. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरील सहा केस घेऊन सुईने केलेल्या छिद्रांतून आपल्याच दंडावर रोवले. त्यांतील दोन सुकून गळाले, दोन पू होऊन बाहेर पडले आणि दोन रुजले, असा या प्रयोगाचा वृत्तान्त केशरोपणाच्या इतिहासात सांगितला जातो.

या वृत्तान्तातील वर्गवारी लक्षात घेण्यासारखी आहे. सुकलेला, पुवाने बाहेर पडलेला आणि रुजलेला असे तीनच रकाने तिच्यात आहेत. ‘गळला, परंतु पुन्हा उगवेल’ असा चौथा रकाना नाही. जो केस जागेवर राहिला तो जगला आणि जो गेला तो मेला, ही त्या काळाची कसोटी होती. निरीक्षकाची नजर केसाच्या दिसणाऱ्या दांड्यावर खिळलेली होती. १८९७ मध्ये इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ मेनाहेम होदारा यांनी खवड्याने व्रण पडलेल्या डोक्यावर केस रोवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हाही विचाराची दिशा हीच होती.

केसाच्या मुळाची शरीररचना या काळात अज्ञात होती असे मात्र नाही. मुळाभोवतीच्या आवरणातील थरांना आजही ज्यांची नावे आहेत त्या हेन्ले आणि हक्स्ली यांची निरीक्षणे १८४० च्या दशकातील आहेत. रचना ज्ञात होती. अज्ञात होता तो तिचा कालक्रम.

केशचक्राचा शोध

हा कालक्रम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत स्पष्ट होऊ लागला. १९२४ मध्ये अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी शरीराच्या निरनिराळ्या भागांतील केसांच्या आयुर्मानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९२६ मध्ये एफ. डब्ल्यू. ड्राय यांनी उंदराच्या केसाळ आवरणावरील आपल्या निबंधात केसाच्या तीन अवस्थांना ॲनाजेन, कॅटाजेन आणि टेलोजेन अशी नावे दिली. मराठीत त्यांना अनुक्रमे वाढीची, उताराची आणि विश्रांतीची अवस्था म्हणता येईल. माणसाच्या डोक्यावर वाढीची अवस्था साधारण दोन ते सहा वर्षे, उताराची दोन-तीन आठवडे व विश्रांतीची सुमारे तीन महिने चालते. विश्रांतीच्या अखेरीस जुना केस गळतो आणि त्याच केशकूपातून, म्हणजे केसाचे मूळ ज्या पिशवीसारख्या रचनेत असते तिच्यातून, नवा केस वर येतो.

हा शोध प्रथम उंदरावर लागला यालाही कारण आहे. उंदराच्या अंगावर हे चक्र लाटेसारखे सरकते. एका भागातील सारे केस एकाच वेळी एका अवस्थेत असतात. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतील प्रत्येक कूपाचे घड्याळ वेगळे चालते. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळत असूनही डोके कधी रिकामे दिसत नाही. माणसामध्ये हे चक्र गर्दीत लपलेले असते.

ज्या प्रसंगी अनेक कूपांची घड्याळे एकदम एका वेळेवर येतात, त्या प्रसंगी मात्र ते डोळ्यांना दिसते. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस मूठमूठ गळतात आणि पुढे पुन्हा येतात, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी ठाऊक होते. विषमज्वरासारख्या दीर्घ तापानंतरचा अनुभवही असाच. २०२० व २०२१ मधील कोविडच्या साथीनंतर अनेकांना तो नव्याने आला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आल्बर्ट क्लिगमन यांनी १९५९ मध्ये मानवी केशचक्रावर निबंध लिहिला आणि १९६१ मध्ये या प्रकारच्या गळतीला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ हे नाव दिले. शरीराला धक्का बसला की वाढीच्या अवस्थेतील अनेक कूप मुदतीपूर्वीच विश्रांतीत जातात. कूप नष्ट होत नाहीत, म्हणून केस परत येतात, हे त्यातील मर्म होय.

क्लिगमन यांचे नाव घेताना इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एका गोष्टीची नोंद करावी लागते. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर १९५१ ते १९७४ या काळात त्यांनी केलेले त्वचेसंबंधीचे प्रयोग पुढे अत्यंत निंद्य ठरले आणि २०२१ मध्ये विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने त्याबद्दल माफी मागितली. ज्ञानाची उपयुक्तता आणि ज्ञान मिळविणाऱ्याचे नैतिक आचरण या दोन गोष्टी वेगळ्या तोलाव्या लागतात, याचे हे एक उदाहरण आहे.

ओकुदा ते ओरेनट्राइख : केसाकडून मुळाकडे

केशचक्राचे ज्ञान वाढत असतानाच रोपणाची पद्धतही बदलत होती. १९३९ मध्ये जपानी त्वचारोगतज्ज्ञ शोजी ओकुदा यांनी ‘जिवंत’ केसांच्या रोपणावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. सुटा केस रोवण्याऐवजी त्यांनी गोल पात्याच्या हत्याराने केसासह त्वचेचा दोन ते चार मिलिमीटर व्यासाचा तुकडा काढला आणि तो व्रण पडलेल्या डोक्यावर, भुवईवर किंवा मिशीच्या जागी बसविला. १९४३ मध्ये हाजिमे तामुरा यांनी याहून सूक्ष्म, एकेका केसाची कलमे वापरली. ओकुदा यांच्या शीर्षकातील ‘जिवंत’ हे विशेषण महत्त्वाचे आहे. रोवायची वस्तू म्हणजे केसाचा दांडा नव्हे, तर ज्यातून तो उगवतो तो सजीव भाग, हा बदल त्यात व्यक्त झाला आहे. परंतु महायुद्धाच्या धामधुमीत आणि भाषेच्या भिंतीमुळे हे कार्य पाश्चात्त्य जगाला दीर्घकाळ अपरिचित राहिले.

दरम्यान टकलाचे कारणही उलगडत होते. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये पुरुषी संप्रेरकाशिवाय सामान्य टक्कल पडत नाही हे दाखवून दिले. तथापि, एकाच डोक्यावर, एकाच रक्तप्रवाहात पुढचे केस जातात आणि मागचे का टिकतात, हा प्रश्न शिल्लक होता. त्याचे उत्तर न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेनट्राइख यांनी दिले. १९५२ मध्ये त्यांनी सामान्य टक्कल असलेल्या पुरुषावर केशरोपण केले आणि १९५९ मध्ये न्यूयॉर्क ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. त्वचेच्या निरनिराळ्या विकारांत कलमाचा स्वभाव ते जेथून घेतले त्या जागेप्रमाणे राहतो की जेथे बसविले त्या जागेप्रमाणे बदलतो, हा त्यांच्यासमोरचा व्यापक प्रश्न होता. टकलाच्या बाबतीत उत्तर निःसंदिग्ध मिळाले. मागील भागातून घेतलेले कलम टकलावर बसविले तरी केस देत राही, आणि टकलावरील त्वचा केसाळ भागात बसविली तरी टक्कलच राही. याला त्यांनी ‘दात्या जागेचे प्राबल्य’ या अर्थाची संज्ञा दिली. पुण्याच्या पद्धतीच्या नाकावर उगवणाऱ्या केसांना अखेर सिद्धान्ताचे स्थान मिळाले.

येथेच गळतीचा अर्थ बदलला. स्वभाव कूपात असेल, तर वर दिसणारा दांडा गळाल्याने काही बिघडत नाही. रोपणाच्या वेळी कूपाचा रक्तपुरवठा तुटतो. पहिले काही दिवस तो सभोवतालच्या द्रवातून पोषण घेतो. मग नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या त्याच्याशी जुळतात. या धक्क्याने कूप वाढ थांबवून विश्रांतीत जातो व दांडा टाकून देतो. शस्त्रक्रिया शेकडो कूपांना एकाच दिवशी हा धक्का देते, म्हणून एरवी गर्दीत लपलेले चक्र येथे एकदम उघडे पडते. विश्रांतीचा काळ सुमारे तीन महिन्यांचा आणि केस वाढण्याचा वेग महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. हे दोन आकडे एकत्र ठेवले की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अंकुर व नवव्या महिन्याच्या सुमारास डोळ्यांत भरणारे केस, हा क्रम आपोआप सिद्ध होतो.

भातलावणीशी याची तुलना सहज सुचते. वाफ्यातून उपटून खाचरात लावलेले रोप काही दिवस मलूल होते, पिवळे पडते आणि मग जीव धरते. ‘रोपण’ हा शब्द आपण त्याच अनुभवातून घेतला आहे. फरक एवढाच की भाताचे रोप स्वतः तग धरते. येथे मात्र वरचे रोप पूर्ण जाते आणि मुळातून दुसरे येते. त्या दृष्टीने ‘केशरोपण’ हा रूढ शब्द काहीसा दिशाभूल करणारा असून ‘केशकूपरोपण’ हा अधिक यथार्थ ठरतो. शब्द केसाचे आश्वासन देतो. शस्त्रक्रिया कूप देते.

गळणे आणि मरणे

गळती ही अवस्था आहे हे मान्य झाल्यावर एक नवा धोका निर्माण झाला. सर्वच गळती विश्रांतीची नसते. ओरेनट्राइख यांच्या पद्धतीत चार मिलिमीटरच्या आसपासची कलमे वापरली जात. अशा मोठ्या कलमाच्या कडांना नव्या रक्तवाहिन्या लवकर पोहोचत. मध्यभाग उपाशी राही. त्यामुळे काही कलमांत केसांचे कडे तेवढे परत येई आणि मधला भाग कायमचा रिकामा राही. बाहुलीच्या डोक्यावरील केसांच्या झुबक्यांसारखे दिसणारे त्या काळातील परिणाम सर्वश्रुत आहेत. पहिल्या महिन्यात कडेचे आणि मधले केस सारखेच गळालेले असत. त्यांतील कोणते विश्रांतीत गेले आणि कोणते मेले, हे पुढील काही महिन्यांनीच ठरे.

याच्या नेमके विरुद्ध टोकाचे उदाहरण कृत्रिम तंतूंचे आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत कृत्रिम धागे थेट डोक्याच्या त्वचेत रोवण्याचा व्यवसाय सुरू झाला. यात प्रतीक्षा नव्हती. पहिल्याच दिवशी डोके भरलेले दिसे. परंतु शरीराने हे परके तंतू स्वीकारले नाहीत. जंतुसंसर्ग, सूज, व्रण आणि तंतू बाहेर पडणे असे परिणाम झाले व १९८३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा तंतूंवर बंदी घातली. डीफेनबाख यांच्या दंडावरील पुवाने बाहेर पडलेल्या दोन केसांची ही दीडशे वर्षांनंतरची मोठ्या प्रमाणावरील पुनरावृत्तीच म्हणावी लागेल. जिवंत कूप गळतो आणि परत देतो. निर्जीव तंतू गेला की गेलाच. गळती ही सजीवतेची किंमत आहे, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानात येते.

पुढील सुधारणांची दिशा यातूनच ठरली. १९८४ मध्ये जॉन हेडिंग्टन यांनी डोक्याच्या त्वचेचे आडवे छेद तपासून केस एकेकटे नव्हे, तर एक ते चारच्या नैसर्गिक गटांत उगवतात हे दाखविले. बॉबी लिमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे गट सुटे करण्याची आपली पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. १९९५ मध्ये बर्नस्टाइन व रासमन यांनी या गटांनाच रोपणाचे एकक मानणारा निबंध लिहिला आणि २००२ मध्ये रासमन व सहकाऱ्यांनी एकेक गट थेट डोक्यावरून काढण्याची पद्धत मांडली. कलम लहान झाल्याने मध्यभाग उपाशी राहण्याचा प्रश्न मिटला. १९९० मध्ये कोत्सारेलिस, सुन व लाव्हकर यांनी उंदराच्या केशकूपाच्या मधल्या फुगीर भागात मूळपेशींचे वास्तव्य असल्याचा पुरावा दिला. दांडा गेल्यावरही कूप नवा केस कसा घडवितो, याचे स्पष्टीकरण पेशींच्या पातळीवर मिळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

प्रतीक्षेचा काळ आणि पुराव्याचा प्रश्न

आज रुग्णाला गळतीची पूर्वकल्पना दिली जाते. ‘घाबरू नका, हे केस जातील आणि पुन्हा येतील,’ हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे आणि अनेकांची काळजी त्याने दूर होते. परंतु या वाक्याची दुसरी बाजूही इतिहासाच्या अभ्यासकाने पाहिली पाहिजे. जे ज्ञान रुग्णाला धीर देते, तेच ज्ञान निष्काळजी शस्त्रक्रियेला आडोसाही देऊ शकते. हाताळणीत चिरडलेले, फार वेळ बाहेर राहून सुकलेले किंवा खूप दाटीने बसविलेले कूप मरतात. त्यांचे केसही त्याच महिन्यात गळतात. चौथ्या महिन्यात ‘थांबा’, आठव्या महिन्यात ‘अजून थांबा’ आणि वर्षानंतर ‘तुमच्या प्रकृतीचा दोष’, अशी उत्तरे मिळत गेल्यास रुग्णाच्या हाती काय उरते?

भोवतालच्या मूळच्या केसांचाही प्रश्न आहे. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने शेजारचे केसही काही काळ गळतात. सुदृढ केस परत येतात. मात्र आधीच बारीक झालेले केस परत येतीलच असे नाही. ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी सांगितली गेली नाही, तर नंतरचे कोणतेही स्पष्टीकरण सबबीसारखे वाटते.

यावर उपाय इतिहासाच्या शिस्तीतलाच आहे, तो म्हणजे साधनचिकित्सा. जाहिरातींतून ‘पूर्वीचे’ व ‘नंतरचे’ अशी दोन छायाचित्रे दाखविली जातात. साधन म्हणून त्यांचे मोल तपासताना दोन छायाचित्रांमध्ये किती काळ गेला, प्रकाश व कोन सारखा आहे का, केसांची लांबी सारखी आहे का, हे प्रश्न विचारावे लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या जोडीतून पहिले चार महिने गाळलेले असतात. ज्या काळात रुग्ण सर्वाधिक अस्वस्थ असतो, त्याच काळाचा पुरावा सार्वजनिक नोंदीत नसतो. शस्त्रक्रियेपूर्वी, सहा महिन्यांनी व वर्षाने ठरावीक चौरस सेंटिमीटरमधील केसांची मोजणी आणि सारख्या प्रकाशातील छायाचित्रे रुग्णाच्या हाती देण्याची पद्धत सार्वत्रिक झाल्यास विश्रांती व मृत्यू यांतील फरक केवळ शब्दावर अवलंबून राहणार नाही.

शस्त्रक्रिया कोणी करावी हा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपणासंबंधी मार्गदर्शक सूचना जाहीर करून ही शस्त्रक्रिया पात्र व प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावी, कार्यशाळेत पाहून किंवा यूट्यूबवरील चित्रफिती बघून मिळविलेले ज्ञान त्यासाठी पुरेसे नाही, असे स्पष्ट केले. अशी सूचना काढावी लागणे हेच या क्षेत्रातील परिस्थितीचे पुरेसे बोलके साधन आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, रोपणानंतरची केसगळती ही नवी घटना नाही. नवा आहे तो तिचा अर्थ. केसाचा दांडा आणि केशकूप यांतील भेद स्पष्ट झाल्यावर व केशचक्राचे ज्ञान त्याच्याशी जोडले गेल्यावरच हा अर्थ शक्य झाला. दुसरा, हे ज्ञान एका ठिकाणी किंवा एका व्यक्तीकडून आलेले नाही. पुण्याचा अनामिक कारागीर, जर्मन शल्यचिकित्सक, उंदरांच्या केसांचा अभ्यासक, जपानी व अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अशा एकमेकांना बहुधा न ओळखणाऱ्या लोकांच्या निरीक्षणांतून ते साकार झाले. तिसरा, मोठ्या कलमांचा व कृत्रिम तंतूंचा इतिहास सांगतो की ‘गळणे’ म्हणजे मरणे नव्हे, तसेच प्रत्येक गळणे म्हणजे पुनर्वाढीची हमीही नव्हे.

डीफेनबाख यांच्या तीन रकान्यांत आधुनिक वैद्यकाने चौथा रकाना जोडला, ही त्याची मोठी कामगिरी होय. तो रकाना किती काळ रिकामा ठेवायचा आणि मुदत संपल्यावर त्यात काय लिहायचे, हे ठरविण्याचा अधिकार केवळ शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे राहू नये. रुग्णाच्या संयमाला मोजता येणाऱ्या नोंदीचा आधार मिळाला, तरच त्या संयमाला विश्वास म्हणता येईल.